डॉससाठी घरी लिहिलेला कमांड-लाइन एडिटर ‘ओळ’: सोर्ससकट देतोय, चार अडचणी सोडवायच्या आहेत

कर्सरवाला

एमएस-डॉस (जुन्या पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम) २.११ ते ४.०१ आणि त्याच काळातल्या पीसी-डॉसवर प्रॉम्प्टला टाइप केलेली ओळ दुरुस्त करायला हाताशी फार थोडं असतं. एफ१ ने आधीच्या ओळीतलं एकेक अक्षर येतं, एफ३ ने उरलेली सगळी ओळ येते, आणि मधेच चूक सापडली तर बॅकस्पेस दाबत तिथपर्यंत मागे यावं लागतं. जुन्या ओळी परत आणून दुरुस्त करू देणारी डॉसकी १९९१ साली डॉस ५ बरोबर आली. ती जुन्या आवृत्तीवर चालत नाही, आणि चालते तिथे मेमरीत सुमारे ४ किलोबाइट अडवून बसते.

म्हणून ‘ओळ’ लिहिला आहे. फाइल ओएल.कॉम, आकार ११२० बाइट, असेंब्ली नॅसम या असेंबलरची, सूचना फक्त ८०८६ प्रोसेसरच्या. मेमरीत राहणारा भाग १६३२ बाइट, म्हणजे बरोबर १०२ पॅराग्राफ (एक पॅराग्राफ १६ बाइटचा). हिशोब असा: पीएसपी (डॉस प्रत्येक प्रोग्रामच्या आधी ठेवतो तो नोंदींचा भाग) २५६, कोड आणि डेटा ६०८, स्वतःचा स्टॅक २५६, जुन्या ओळींचा बफर ५१२. सरासरी १२ अक्षरांची ओळ धरली तर शेवटच्या शून्य बाइटसकट ३९ ओळी मावतात. सुरुवातीला एकदाच लागणारा कोड शेवटी ठेवला आहे. मेमरीत बसल्यावर त्याच जागेवर स्टॅक आणि बफर येतात.

काय करता येतं: डाव्या-उजव्या बाणाने ओळीत फिरणं, होम, एंड, इन्सर्ट, डिलीट, वर-खालच्या बाणांनी जुन्या ओळी, कंट्रोल-एंडने कर्सरपासून पुढचं पुसणं, एस्केपने पूर्ण ओळ पुसणं. एफ१ ते एफ५ पूर्वीसारखेच ठेवले आहेत.

काम कसं चालतं: इंटरप्ट २१ (ज्यातून प्रोग्राम डॉसला हाक मारतात) अडवायचा, एएच रजिस्टरमध्ये ०ए (ओळ वाचायचं फंक्शन) असेल तर ओळ स्वतः वाचायची, बाकी सगळं जसंच्या तसं डॉसकडे पाठवायचं. (इंटरप्ट, फंक्शन आणि पत्त्यांचे आकडे सगळीकडे हेक्समध्ये.) बटणं बायॉसच्या (मशीनमध्येच असलेल्या मूळ प्रोग्रामच्या) इंटरप्ट १६ फंक्शन १० ने वाचतो, अक्षरं इंटरप्ट १० फंक्शन ०ई ने छापतो.

अडलेल्या गोष्टी:

१. पडद्याच्या शेवटच्या रांगेत ओळ ८० कॉलमच्या पुढे गेली की सगळं एक रांग वर सरकतं, आणि त्यानंतर डावा बाण दाबला की कर्सर भलत्याच जागी जातो.

२. १०१ बटणांच्या कीबोर्डवर स्वतंत्र बाण दाबले की ग्रीक अल्फा छापला जातो. नंबरपॅडवरचे बाण मात्र नीट चालतात.

३. एडलिनमध्ये (डॉससोबतच्या ओळीओळीने चालणाऱ्या एडिटरमध्ये) जुनी ओळ दुरुस्त करताना एफ३ दाबलं तर एडलिनची ओळ येत नाही, प्रॉम्प्टवरची आधीची कमांड येते.

४. ८०८८ वर कधीकधी जुन्या ओळींचा बफर अर्धवट बिघडतो. २८६ वर हेच तासन्‌तास चालवलं तरी काही होत नाही.

आणि एक विचारायचं होतं. ज्यांच्याकडे फक्त फ्लॉपी किंवा सिरियल पोर्ट आहे त्यांच्यापर्यंत हे कसं पोचवावं?

---

सेगमेंट_ऑफसेट

आकार छान आवरला आहे. पहिल्या दोन अडचणींबद्दल लिहितो.

पडदा सरकला का, हे आधीच ओळखायचा प्रयत्न करू नका. त्यासाठी रांगा किती ते कळायला हवं, आणि तो आकडा मेमरीत ४०:८४ या पत्त्याला फक्त ईजीए आणि त्यापुढच्या डिस्प्ले कार्डांवर भरलेला असतो. त्याऐवजी छापून झाल्यावर मागे मोजा. पूर्ण ओळ छापली की इंटरप्ट १० फंक्शन ०३ ने कर्सर कुठे आहे ते विचारा, कर्सरची रांग गुणिले एका रांगेतले कॉलम, अधिक कर्सरचा कॉलम असा एकच आकडा करा, आणि त्यातून छापलेल्या घरांची संख्या वजा करा. उरतं ते ओळीच्या सुरुवातीचं खरं ठिकाण, पडदा कितीही वेळा सरकलेला असो.

आकड्यांत पाहा. प्रॉम्प्ट ‘सी:\>’ शेवटच्या, म्हणजे शून्यापासून मोजून २४ व्या रांगेत आहे. ओळ कॉलम ४ ला सुरू होते: २४ × ८० + ४ = १९२४. ७६ अक्षरं टाइप झाली की रांग भरते, पडदा सरकतो आणि कर्सर पुन्हा २४ व्या रांगेच्या कॉलम ० वर येतो: १९२०. त्यातून ७६ गेले, राहिले १८४४. त्याला ८० ने भागा: भागाकार २३, बाकी ४. सुरुवात एक रांग वर गेली आहे हे आपोआप कळलं. तुमचा कोड अजून १९२४ धरून बसला आहे, म्हणून कर्सर भरकटतो. रांगांचा आकडा कुठेच लागत नसल्याने ४३ आणि ५० ओळींच्या मोडमध्येही हेच चालतं. कॉलमचा आकडा मात्र ४०:४ए मधून घ्या, ८० गृहीत धरू नका. सीजीएवर ४० कॉलमचा मोडही वापरला जातो.

यात तीन खाचा आहेत.

मोजायची ती घरं, बाइट नव्हेत. कंट्रोल अक्षर ‘^’ आणि एक अक्षर असं दोन घरांत दिसतं. त्याला एक धरलंत की वजाबाकी एकाने चुकते आणि पुढची प्रत्येक हालचाल एक घर सरकून होते.

ओळ लहान झाली तर शेपटीवर रिकाम्या जागा छापता त्याही त्या वजाबाकीत धरा.

फंक्शन ०ई मुळे पडदा सरकला तर काही जुन्या बायॉसमध्ये बीपी रजिस्टर बिघडतं. तुमच्या सोर्समध्ये बीपी कर्सरची जागा सांभाळतोय. प्रत्येक कॉलच्या आधी तो स्टॅकवर ठेवा किंवा ते मूल्य मेमरीत न्या. हा दोष फार फसवा आहे, कारण पडदा सरकला नाही तर तो दिसतच नाही. पडद्याची मेमरी सरळ लिहून हे टाळता येईल, पण मूळ सीजीएवर ८० कॉलमच्या मोडमध्ये तसं केलं की पडद्यावर बर्फ पडल्यासारखे ठिपके उडतात. बायॉसच बरा. ओळ संपादताना वेगाचा प्रश्न येत नाही.

आता अल्फा. फंक्शन १० स्वतंत्र बाणांसाठी एएल मध्ये ० न देता ई० देतं, स्कॅन कोड (बटणाचा क्रमांक) एएच मध्ये असतो. तुम्ही फक्त एएल शून्य आहे का पाहता, त्यामुळे ई० हे अक्षर समजलं जातं, आणि कोडपेज ४३७ मध्ये ई० म्हणजे अल्फा. ‘ई० असेल तर विशेष बटण’ एवढंच केलंत तर ऑल्ट धरून २२४ टाइप करणाऱ्याला खरा अल्फा मिळणार नाही. तेव्हा एएल ई० आणि एएच शून्य नाही, अशी दुहेरी अट हवी.

तरी माझा आग्रह वेगळा आहे: इंटरप्ट १६ सोडा आणि डॉसचं फंक्शन ०७ वापरा. सुरुवातीच्या एक्सटीच्या बायॉसमध्ये फंक्शन १० नाहीच, तिथे ‘ओळ’ अडकून पडेल. ०७ सगळीकडे आहे. विशेष बटणाला ते आधी ० देतं आणि पुढच्या कॉलला स्कॅन कोड: वर ४८, खाली ५०, डावा ४बी, उजवा ४डी, होम ४७, एंड ४एफ, इन्सर्ट ५२, डिलीट ५३, कंट्रोल-एंड ७५. तुम्ही इंटरप्ट २१ च्या दारातच थांबलेले आहात, डॉसच्या आत शिरलेले नाही, त्यामुळे तिथून डॉसला बोलावण्यात धोका नाही. शिवाय दोन फायदे फुकट मिळतात. ०७ वाट पाहताना डॉस इंटरप्ट २८ देत राहतो, म्हणजे मागे प्रिंट चालू असेल तर छपाई थांबत नाही. आणि अन्सी.सिस या ड्रायव्हरने बटणांचे बदललेले अर्थही चालतात.

कंट्रोल-सी ०७ मधून साध्या ३ सारखा येतो. तो आला की ‘^सी’ छापा, नव्या रांगेत या, ओळ मागणाऱ्या प्रोग्रामच्या बफरमध्ये संख्या ० आणि लगेच सीआर (ओळ संपल्याची खूण) ठेवून परता. कमांड.कॉम, म्हणजे डॉसचा शेल, पुन्हा प्रॉम्प्ट देईल.

---

पॅराग्राफ_१६

तिसऱ्या अडचणीचं मूळ असं की ०ए हे फंक्शन एकट्या कमांड.कॉमचं नाही. एडलिन, डीबग आणि इतर कितीतरी प्रोग्राम त्यातूनच ओळ घेतात. एडलिन तर दुरुस्त करायची ओळ बफरमध्ये आधीच भरून देतं आणि एफ३ ने ती यावी अशी अपेक्षा ठेवतं. ‘ओळ’ तो बफर न बघता स्वतःच्या साठ्यातून ओळ काढतो. जी ओळ आपली नाही तिला हात लावायचाच नाही, हा नियम धरा. बाकीचं त्यातून सुटतं.

कोण विचारतंय ते असं ओळखा. फंक्शन ५१ ने चालू पीएसपीचा सेगमेंट बीएक्स मध्ये घ्या (६२ हे अधिकृत, पण ते डॉस ३ पासून आहे आणि तुम्हाला २.११ वर चालायचं आहे). त्या सेगमेंटमध्ये १६ या ऑफसेटला पालक प्रोग्रामचा पीएसपी असतो. कमांड.कॉम स्वतःच स्वतःचा पालक असतो. दोन्ही आकडे सारखे असतील तर ओळ तुमची, नसतील तर एएक्स, बीएक्स, ईएस होते तसे करून जुन्या व्हेक्टरवर (इंटरप्टच्या मूळ पत्त्यावर) उडी.

पुढची तपासणीही तितकीच गरजेची आहे: इनपुट खरंच कीबोर्डवरून येतंय का? फंक्शन ४४००, बीएक्स मध्ये ०. डीएक्सचा बिट ७ शून्य असेल तर इनपुट फाइलमधून वळवलेलं आहे. बिट ७ एक पण बिट ० शून्य असेल तर उपकरण आहे पण कन्सोल नाही, उदाहरणार्थ सीटीटीवाय ऑक्स ने कन्सोल सिरियल पोर्टवर नेल्यावर. दोन्ही वेळी डॉसकडे सोपवा. हे नसेल तर ‘कमांड < फाइल’ दिल्यावर एडिटर संपादनाच्या नादात फाइलमधल्या कंट्रोल अक्षरांचे भलतेच अर्थ लावेल. बॅच फाइलची काळजी नको, ती कमांड.कॉम वेगळ्या मार्गाने वाचतो.

बफरचा करार काटेकोर पाळा. डीएस:डीएक्स वरचा पहिला बाइट म्हणजे सीआर धरून एकूण जागा, कमांड.कॉम तिथे ८०, म्हणजे १२८ देतो, म्हणून १२७ अक्षरं. दुसऱ्या बाइटमध्ये तुम्ही सीआर सोडून संख्या भरायची. तिसऱ्यापासून मजकूर, शेवटी सीआर. तुमच्या सोर्समध्ये कमाल १२७ असा आकडा थेट लिहिलेला आहे. तो काढा आणि पहिल्या बाइटमधून एक वजा करून घ्या. हा बफर कमांड.कॉमच्या मेमरीच्या वरच्या टोकाला असलेल्या भागात असतो, आणि तो भाग पुन्हा लोड होत असतो. म्हणून पत्ता एकदा साठवून पुढच्या वेळी वापरू नका.

परतण्याआधी कर्सर ओळीच्या शेवटी न्या, मग फक्त सीआर छापा. ०ए एवढंच छापतं, पुढची रांग कमांड.कॉम स्वतः घेतो. तुम्ही एलएफही (पुढच्या रांगेची खूण) छापता म्हणून प्रत्येक कमांडनंतर एक रांग जास्तीची सुटते आहे. आणि दोन रांगांच्या ओळीत कर्सर वरच्या रांगेत असताना एंटर दाबलं तर कमांडचं उत्तर ओळीच्या दुसऱ्या रांगेवरच छापलं जातं.

डेट आणि टाइम यांना दिलेली उत्तरंही कमांड.कॉम याच फंक्शनने वाचतो, ती जुन्या ओळींत शिरतील. अंकाने सुरू होणारी ओळ साठवायची नाही असा उपाय चटकन सुचतो, पण लोटस १-२-३ सुरू करायला प्रॉम्प्टवर १२३ हेच टाइप करतात. सगळी अक्षरं अंक आणि विरामचिन्हं असतील आणि त्यात किमान एक रेघ, तिरकी रेघ, टिंब किंवा विसर्गचिन्ह असेल, तरच वगळा.

डॉस ५ आणि पुढे: कमांड.कॉम आधी इंटरप्ट २एफ, एएक्स ४८१० ने डॉसकीला विचारतो आणि कुणी उत्तर दिलं नाही तरच ०ए कडे येतो. डॉसकी लोड असेल तर ‘ओळ’ला कधीच हाक येणार नाही. इन्स्टॉल होताना एएक्स ४८०० ने तपासा. एएल शून्य नसेल तर निरोप छापून बाहेर पडा. मात्र २एफ बोलावण्याआधी त्याचा व्हेक्टर शून्य नाही ना, हे डॉस २ साठी पाहायलाच हवं. शून्य पत्त्यावर उडी म्हणजे मशीन गोठलं.

---

कर्सरवाला

फंक्शन ०७, मागून मोजणी आणि पालक-पीएसपीची तपासणी घातली. एडलिनमध्ये एफ३ बरोबर ओळ आणतं, अल्फा गेला, रांगही जास्तीची सुटत नाही. २एफ ची तपासणीही आता आहे.

चौथी अडचण तशीच आहे. जागा भरली की सर्वांत जुनी ओळ काढून बाकीचा बफर खाली सरकवतो, तेव्हाच बिघडतो असं दिसतंय. कोड असा: एसआय दुसऱ्या ओळीवर, डीआय सुरुवातीवर, सीएक्स मध्ये उरलेले बाइट, आणि ‘रेप सीएस मूव्हएसबी’. ईएस मध्ये सीएस आहे. डीएस मात्र कमांड.कॉमचाच आहे, म्हणून सीएस लावला.

---

सेगमेंट_ऑफसेट

सापडलं. ८०८६ आणि ८०८८ चा हा प्रसिद्ध दोष आहे. एका स्ट्रिंग सूचनेवर दोन प्रीफिक्स (इथे ‘पुन्हा पुन्हा कर’ सांगणारा रेप आणि सेगमेंट सांगणारा सीएस) असतील आणि मधेच इंटरप्ट आला, तर परतताना प्रोसेसर फक्त शेवटच्या प्रीफिक्सपासून पुन्हा सुरू करतो. तुमच्या सूचनेचे बाइट एफ३ २ई ए४. परतीचा पत्ता २ई चा, म्हणजे रेप हरवला: एक बाइट हलतो आणि पुढची सूचना सुरू. उरलेला बफर जागच्या जागी राहतो. टायमर सेकंदाला १८.२ वेळा येतो आणि ५०० बाइटची हालचाल काही मिलिसेकंदांत संपते, म्हणून हे दर वेळी होत नाही, कधीकधीच होतं. प्रीफिक्सची अदलाबदल करू नका. मग सीएस हरवेल आणि कमांड.कॉमच्या सेगमेंटमधला कचरा बफरमध्ये येईल. २८६ मध्ये हे दुरुस्त केलेलं आहे.

उपाय सोपा: डीएस स्टॅकवर ठेवा, डीएस मध्येही सीएस घाला, मग नुसतं ‘रेप मूव्हएसबी’. एकच प्रीफिक्स असेल तर इंटरप्टने काही बिघडत नाही.

त्याच फाइलमध्ये अजून दोन गोष्टी दिसल्या. ओळीत मधे अक्षर घुसवताना एसटीडी (दिशा उलटी) करून उलट सरकवता, पण त्यानंतर सीएलडी (दिशा पुन्हा सरळ) एकाच वाटेवर आहे. बफर भरल्यावर बीप वाजवून बाहेर पडणारी वाट ते चुकवते. दिशा उलटी ठेवून परतलात तर दोष दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उमटेल. आणि प्रवेश करताच एसटीआय (इंटरप्ट पुन्हा चालू) हवा, कारण इंटरप्ट सूचनेने आत येताना प्रोसेसर बाकीचे इंटरप्ट बंद करतो.

---

पॅराग्राफ_१६

मेमरी अजून कमी करायची असेल तर पीएसपीचा वरचा भाग वापरा. हेक्स ऑफसेट ६० पासून १०० पर्यंतचे, म्हणजे दशमानात १६० बाइट इन्स्टॉल झाल्यावर निरुपयोगी असतात. १६० म्हणजे बरोबर १० पॅराग्राफ. म्हणून कोड ६० वर कॉपी करा आणि व्हेक्टर बसवताना सेगमेंट पीएसपीपेक्षा १० ने (दशमान) कमी द्या. ऑफसेट १०० पासूनचे सगळे पत्ते तसेच्या तसे लागू पडतात, एकही ओळ बदलावी लागत नाही. १६३२ चे १४७२ होतील, ९२ पॅराग्राफ. पण कमांडसोबत दिलेले पर्याय ८० वर असतात, ते आधी वाचून घ्या. आणि सीएस म्हणजे पीएसपी हे समीकरण मोडतं, तेव्हा काढून टाकताना मेमरी मोकळी करणाऱ्या फंक्शन ४९ ला द्यायचा सेगमेंट वेगळा साठवा.

एन्व्हायर्नमेंट सोडायला विसरू नका: पीएसपीच्या २सी वरचा सेगमेंट ईएस मध्ये, फंक्शन ४९. नाहीतर प्रत्येक लोडला तेवढी मेमरी उगाच अडते. तसंच ० ते ४ हँडल बंद करून मगच फंक्शन ३१ (मेमरीत राहून बाहेर पडणं). कुणी ऑटोएक्झेक मध्ये ‘ओएल > नल’ लिहिलं तर ती उघडी नोंद पुढे कधीच मोकळी होत नाही.

काढण्याचा पर्याय देताना फंक्शन ३५२१ ने व्हेक्टर अजून तुमच्याकडेच आहे ना ते पाहा. नंतर दुसऱ्या कुणी २१ अडवला असेल तर काढणं नाकारा. त्याच्या साखळीत तुमचा पत्ता साठलेला असतो.

---

तबकडी_३६०

पोचवण्याबद्दल.

फ्लॉपी: ३६० किलोबाइटची डिस्क १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये लिहिली की ८० ट्रॅकचं अरुंद हेड जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक पट्टी लिहितं. ३६० च्या ड्राइव्हचं रुंद हेड त्या पट्टीसोबत कडेचे जुने अवशेषही वाचतं आणि एरर देतं. शक्यतो ३६० च्या ड्राइव्हवरच फॉरमॅट करून तिथेच लिहा. ते जमत नसेल तर चुंबकाने पूर्ण पुसलेली डिस्क घ्या आणि १.२ च्या ड्राइव्हवर ‘फॉरमॅट ए: /४’ करा.

सिरियल: फाइल पाठवायचा एक्समोडेम प्रोटोकॉल १२८ बाइटचे ब्लॉक पाठवतो. ११२० बाइटला ९ ब्लॉक लागतात, फाइल ११५२ ची होते, शेवटचे ३२ बाइट १ए ने भरलेले असतात. कॉम फाइलला अपाय नाही, पण चेकसम जुळणार नाही. हे माहितीच्या फाइलमध्ये लिहा, नाहीतर लोक फाइल बिघडली समजून परत परत उतरवतील.

ज्या मशीनवर टर्मिनल प्रोग्रामही नाही त्यांच्यासाठी डॉससोबतच्या डीबगला देता येईल अशी स्क्रिप्ट द्या. साधा मजकूर असतो. पहिली ओळ ‘एन’ आणि फाइलचं नाव. मग ‘ई’, पत्ता आणि १६ बाइट, अशा ७० ओळी, पत्ता १०० पासून. मग ‘आरसीएक्स’, पुढच्या ओळीत ४६० (हेक्स, म्हणजे ११२०), मग ‘डब्ल्यू’, मग ‘क्यू’. क्यू नंतर एंटर हवाच. नसेल तर डीबग पुढच्या अक्षराची वाट बघत अडकतं आणि मशीन रीसेट करावं लागतं. घेणाऱ्याने आधी ‘मोड कॉम१:१२००,एन,८,१’, मग ‘कॉपी कॉम१: ओएल.एससीआर’ द्यायचं. पाठवणाऱ्याने शेवटी १ए पाठवायचा, त्यानेच कॉपी थांबते. स्क्रिप्ट साधारण ३९०० अक्षरांची होईल, १२०० बॉडला अर्धा मिनिट. याहून वेग वाढवू नका, या मार्गाला अक्षरं थोपवून धरायची सोय नाही. शेवटी ‘डीबग < ओएल.एससीआर’. तपासायला ‘डीबग ओएल.कॉम’ आणि ‘आर’: सीएक्स ०४६० दिसलं पाहिजे.

फाइलींची नावं ८.३ च्या चौकटीत, ओळींच्या शेवटी सीआर आणि एलएफ दोन्ही, रुंदी ७८ च्या आत. सोर्सच्या सुरुवातीला ‘सीपीयू ८०८६’ ठेवा, म्हणजे कुणी बदल करताना ‘एसएचएल एएक्स,४’ लिहिलं तर नॅसम तिथेच अडवेल. परवाना एका वाक्यात का होईना, पण लिहा. तो नसेल तर कुणाला सुधारून पुढे देता येत नाही.

चाचणी डॉसबॉक्सच्या प्रॉम्प्टवर करू नका. तिथला शेल अंगभूत आहे, ०ए वापरत नाही, त्यामुळे ‘ओळ’ लोड होऊनही काहीच घडणार नाही. खऱ्या डॉसची इमेज बूट करा, किंवा ८६बॉक्समध्ये ८०८८ चं मशीन घ्या. फ्रीडॉसच्या फ्रीकॉममध्ये आणि ४डॉसमध्ये जुन्या ओळींची सोय मुळातच आहे. माहितीच्या फाइलमध्ये तेही नोंदवा.

---

कर्सरवाला

डीएस बदलून नुसतं ‘रेप मूव्हएसबी’ केलं. ८०८८ वर बफर भरून ४०० ओळी सरकवल्या, एकही बिघडली नाही. बीपची वाटही सीएलडीवरून जाते आता. पीएसपीत कोड हलवून १४७२ बाइट झाले. त्यासाठी कॉपी करणारा कोड वाढला, पण तो सुरुवातीच्या भागात आहे आणि नंतर पुसला जातो. फाइल ११५२ ची झाली. म्हणजे डीबग स्क्रिप्ट ७२ ओळींची, सीएक्स ४८०, आणि एक्समोडेमचे ९ ब्लॉक आता काठोकाठ भरतात, चेकसमही जुळेल. झिपमध्ये ओएल.कॉम, ओएल.एएसएम, ओएल.एससीआर आणि ओएल.टीएक्सटी ठेवतोय.

---

तबकडी_३६०

झिप सोबत ओएल.एससीआर सुटीही ठेवा. ज्याला स्क्रिप्टची गरज आहे त्याच्याकडे झिप उघडायला काही नसणार.